घंटेशेजारची बाटली

सकाळी नऊला इतिहास संग्रहालयाच्या तिकीट खिडकीपाशी जमायचं आणि दुपारी एकला कला संग्रहालयाच्या फाटकातून बाहेर पडायचं. मधे चार तास, दोन इमारती, एक पूल आणि माझी अखंड बडबड. एकोणीस वर्षं मी लोकांना हा पायी फेरफटका घडवतोय. तिकीट खिडकीवरची बाई मला पोपट म्हणते. म्हणू दे. पोपट निदान शिकवलेलं तेवढंच बोलतो. मीही तेवढ्यावर थांबलो असतो तर आज हे सांगत बसलो नसतो.

त्या दिवशी नऊ जण होते. एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको, कॉलेजातल्या दोन मुली, गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक टोपीवाले गृहस्थ, आपापसातच कुजबुजणारे तिघे भाऊ, आणि एक म्हातारी बाई. तिचा मुलगा तिला गाडीतून सोडायला आला होता. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "आईला डोळ्यांनी फार कमी दिसतं हो. समोर काय आहे ते जरा बोलून सांगत जा." मी म्हटलं, "बोलून सांगणं हाच धंदा आहे माझा. तुम्ही निर्धास्त जा." मुली तिला आजी म्हणायला लागल्या. मी मावशी म्हटलं, कारण अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसऱ्याला आजी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मावशी कुरकुर न करता चालत होत्या. जिना आला की माझा दंड धरायच्या, सपाट जागा आली की सोडायच्या. जुनी नाणी, तांब्याची भांडी, पहिल्या छापखान्याचं यंत्र, सगळं मी त्यांच्या कानाशी नीट वर्णन करून सांगितलं. त्या "हं, हं" करत होत्या, पण त्यांचं मन तिथे नव्हतं हे मला कळत होतं. दोनदा त्यांनी विचारलं, "बंधाऱ्याचं दालन कधी येणार?" मी म्हटलं, "येईल, येईल. तेच तर आमचं खास आहे."

आता त्या दालनाचं सांगतो. सहासष्ट वर्षांपूर्वी आमच्या नदीला मोठा पूर आला. वरच्या अंगाला बंधारा होता, बंधाऱ्यावर मनोरा होता आणि मनोऱ्यात घंटा. पाणी चढलं की पहारेकऱ्यानं घंटा वाजवायची आणि खालच्या वस्तीनं टेकडीकडे पळायचं, असा शिरस्ता. त्या पहाटे खाली घंटा ऐकूच आली नाही. एकतीस माणसं गेली. मनोरा पडला, त्याच्याबरोबर पहारेकरीही गेला. घंटा नंतर गाळातून काढली. ती आज लोखंडी चौकटीत टांगून ठेवली आहे, एका बाजूला तडा गेलेली.

सरकारी दप्तरात या सगळ्याबद्दल तीन ओळी आहेत. मी नोकरीला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात त्या वाचल्या होत्या, म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. 'घंटेचा आवाज वस्तीपर्यंत पोचला नाही. वारा वस्तीकडून नदीकडे जोराचा होता. पहारेकरी जागेवर असताना मनोऱ्यासह वाहून गेला.' बस, एवढंच. सुरुवातीला मी एवढंच सांगायचो.

पण आमच्या धंद्यात प्रत्येक दालनात एकदा हशा आणि एकदा सुस्कारा निघावा लागतो. नाहीतर लोक घड्याळं बघायला लागतात आणि पुढच्या दालनाला निम्मेच उरतात. दुसऱ्याच महिन्यात कुठल्याशा कंपनीची माणसं आली होती, त्यांना सक्तीनं आणलेलं. एकानं विचारलं, "मग घंटा वाजली का नाही?" मी वारा सांगितला. मागे कुणीतरी तोंडाचा आ करून मोठ्यांदा जांभई दिली. माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "आता काय सांगू साहेब, बसला असेल बाटलीशी गप्पा मारत." सगळं दालन हसलं. दुसऱ्या दिवशी मी तेच पुन्हा बोललो, पुन्हा हसले. महिन्याभरात अंदाजाची बातमी झाली. वर्षभरानं बाटली हिरवी झाली, पाच वर्षांनी पहारेकरी ती उशाशी घेऊन घोरायला लागला. मी तीन नवे गाईड तयार केले, तेही आता त्या बाटलीसकटच सांगतात. वाऱ्याला कोण हसणार? बाटलीला हसतात.

त्या दिवशीही मी सगळं साग्रसंगीत सांगितलं. घंटेला हात लावायची मनाई आहे, पण मावशींना दिसत नाही म्हणून मी पहारा देणाऱ्या शिपायाला डोळ्यानं खुणावलं आणि त्यांचा हात धरून घंटेवर ठेवला. त्यांनी पंजा पसरून ती चाचपली. तड्यावरून बोट फिरवलं. आणि मी इकडे सांगतोय, "पाणी चढतंय, चढतंय, आणि आपला गडी काय करतोय? हिरवी बाटली उशाशी घेऊन ढाराढूर." तिघे भाऊ खोखो हसले. मास्तरांची बायको म्हणाली, "बाई बाई, एकतीस जीव." हशा झाला, सुस्कारा झाला. मावशींनी घंटेवरचा हात काढून घेतला आणि पदरात गुंडाळला.

"हे कुठे लिहिलेलं आहे का हो?" त्यांनी विचारलं.

मला एक खोड आहे. कुणी पुरावा विचारला की माझं पित्त खवळतं. एकोणीस वर्षं घसा फोडतोय आणि तुम्ही मला विचारता कुठे लिहिलंय. मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं, "मावशी, इथे मनचं काही सांगत नाहीत. आमच्या दप्तरात नोंद आहे, सरकारी."

"असं होय," त्या म्हणाल्या. "मग बरोबर आहे."

इतिहास संग्रहालयातून कला संग्रहालयाकडे जायला पूल ओलांडावा लागतो. बाकीचे फोटो काढत पुढे गेले. मावशी माझा दंड धरून सावकाश येत होत्या. पुलाच्या मधोमध आल्यावर म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. इतकी वर्षं मला कुणी सांगितलंच नव्हतं."

"काय ते?"

"ते प्यायचे हे."

"कोण प्यायचे?"

"माझे वडील. घंटेवाले."

माझे पाय जागच्या जागी थांबले. त्या मात्र शांतपणे बोलत होत्या, भाजी काय आणली ते सांगावं तशा. पुराच्या वेळी त्या आठ वर्षांच्या होत्या, आईबरोबर वरच्या आळीत मामाकडे झोपायला गेलेल्या, म्हणून दोघी वाचल्या. आई त्यांना घेऊन लांबच्या गावी निघून गेली. पुन्हा इकडे कधी येणं झालं नाही. आता मुलाची बदली इथे झाली, तेव्हा कळलं की घंटा संग्रहालयात आहे आणि तिच्याबद्दल लोकांना माहिती सांगतात. "मुलगा म्हणत होता, आपण कोण ते त्यांना आधी सांगू या. मीच नको म्हटलं. कौतुक मागून घेतल्यासारखं वाटतं. परक्या माणसाला कसं सांगतात तसं मला ऐकायचं होतं."

"आणि आई तुमची... ती काय सांगायची?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"ती म्हणायची, त्यांनी शेवटपर्यंत घंटेचा दोर सोडला नाही. आणि आयुष्यात थेंबाला शिवले नाहीत." त्या थोडं हसल्या. "लहान पोरीला काय सांगणार बिचारी. एकटीनं वाढवलं मला. मीही माझ्या पोरांना तेच सांगत आले, दोर सोडला नाही म्हणून. किती ऐटीत सांगायचे."

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. पुलावर आम्ही दोघंच होतो, वारा होता, वेळ होता. फक्त म्हणायचं होतं, मावशी, मी खोटं बोललो. पण पुढून टोपीवाल्या गृहस्थांनी हाक मारली, "सर, इथून दोन्ही इमारती येतील का फोटोत?" आणि मी "येतील, येतील, जरा डावीकडे व्हा" म्हणत लगबगीनं पुढे गेलो. असा पळपुटा मी. वर स्वतःची समजूतही घातली, की कला संग्रहालयात पुराचं मोठं चित्र आहे, तिथे सगळ्यांसमोरच दुरुस्ती करू, ते जास्त बरं.

कला संग्रहालयात त्या दिवशी मी काय बोललो मला आठवत नाही. तोंड आपोआप चालू होतं. पुराचं चित्र शेवटच्या दालनात आहे, भिंतभर. चित्रकारानं झाडं नदीकडे वाकलेली दाखवली आहेत. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "बघा, वारा कुठल्या दिशेला आहे ते बघा. सगळा वारा नदीकडे. आता अशा वाऱ्यात घंटा वाजली असेल तरी खाली ऐकू येणं कठीणच. म्हणजे वाजलीच नाही, असं काही आपण छातीठोक म्हणू शकत नाही."

कॉलेजातली उंच मुलगी लगेच म्हणाली, "पण सर, तुम्ही तर म्हणालात तो पिऊन झोपला होता."

"तशी... वेगवेगळी मतं आहेत," मी म्हटलं.

"मतं कशी?" मास्तर चष्मा वर करत म्हणाले. सगळा जन्म पोरांचे पेपर तपासलेला माणूस. "मघाशी आपण या बाईंना सांगितलंत, सरकारी नोंद आहे. नोंद आहे की नाही?"

नऊ माणसं माझ्याकडे बघत होती. आठ बघत होती, मावशी माझ्या दिशेला तोंड करून उभ्या होत्या. नाही म्हणालो असतो तर मास्तरांनी तक्रारवहीत लिहिलं असतं, वरच्या साहेबांपर्यंत गेलं असतं, तीन चेल्यांसमोर नाक कापलं गेलं असतं. हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात येऊन गेलं, आणि त्यात मावशी कुठेच नव्हत्या.

"आहे," मी म्हटलं. "नोंद आहे."

मावशींनी मान डोलावली. त्यांना काही नवीन कळलं नव्हतं, पहिलंच पक्कं झालं होतं.

एकला मंडळी पांगली. तिघे भाऊ जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेले, "बाटलीचं भारी होतं हां." मावशींचा मुलगा दीड वाजता येणार होता. मी त्यांना दरवाजाजवळच्या बाकावर बसवलं, पाणी आणून दिलं आणि शेजारी बसलो. मला माझी किळस आली होती. इतकी, की आता भीतीसुद्धा वाटत नव्हती.

"मावशी," मी म्हटलं, "ती बाटली खोटी आहे. मी बनवली. लोकांना हसवायला. दप्तरात तसं एक अक्षर नाही. तुमचे वडील जागेवर होते, असं लिहिलं आहे. मी दोनदा खोटं बोललो, एकदा तुमच्याशी आणि एकदा सगळ्यांसमोर. मला माफ करा."

त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. माझा हात शोधून धरला आणि वर थोपटल्यासारखं केलं.

"तुम्ही भले आहात हो," त्या म्हणाल्या. "पुलावर मी सांगितलं तेव्हाच तुमचा आवाज बदलला. माझ्या लक्षात आलं होतं. चित्रापाशीसुद्धा माझ्यासाठी किती सांभाळून घेत होतात. नका जीव जाळू. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, मला सोसतं."

"मावशी, मी सांभाळून घेत नाहीये. खरं सांगतोय."

"आईसुद्धा असंच म्हणायची. खरं सांगतेय म्हणून."

मी त्यांना उठवलं. दोन्ही संग्रहालयांचा दप्तरखाना त्याच मजल्यावर मागच्या अंगाला आहे आणि तिथला दप्तरी माझा एकोणीस वर्षांपासूनचा मित्र. जेवणाचा डबा उघडून बसला होता. मी म्हटलं, "पुराची वही काढ." तो म्हणाला, "पोपटराव, आज कुठला दाखला हवाय? तुम्ही तर वाचल्याशिवाय बोलता." नेहमीची थट्टा. मी त्याच्या अंगावर ओरडलो. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, हात पुसले आणि मुकाट्यानं वही काढून दिली.

मी पान उघडलं आणि त्या तीन ओळी मोठ्यानं वाचल्या. एकेक शब्द सावकाश. जागेवर असताना, हे दोनदा वाचलं. मावशींनी पान बोटांनी चाचपलं, डोळ्यांपाशी नेलं, पुन्हा खाली ठेवलं. त्यांना करड्या रंगापलीकडे काही दिसत नव्हतं.

"असंच आहे आजी," दप्तरी म्हणाला. "मी बघतोय ना. हेच लिहिलंय."

"तुम्ही यांचे मित्र ना?" मावशींनी त्याला विचारलं.

तो माझ्याकडे बघायला लागला.

"मावशी, मी याची प्रत काढून देतो," मी म्हटलं. "घरी सुनेला वाचायला सांगा. मुलाला सांगा. ते काही माझे मित्र नाहीत."

"आणि त्यांना काय सांगू, हे का वाचायचं ते? कुणी काय म्हटलं म्हणून?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा कडक झाला. "त्यांना त्यांचे पणजोबा-आजोबा चांगले माहीत आहेत. तसेच राहू देत. माझ्यापुरतं होतं, मी ऐकलं." मग पुन्हा मऊपणे म्हणाल्या, "हे बघा, राग नका मानू. तुम्ही घंटेपाशी बोललात तेव्हा मी कोण ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. माणूस परक्यासमोर जे बोलतो ना, तेच खरं असतं."

वही माझ्या हातात उघडी होती, त्यात खरं लिहिलेलं होतं, आणि मी ते वाचून दाखवलं म्हणूनच ते खोटं झालं होतं. दप्तरी खाली मान घालून डब्याचं झाकण लावत होता.

बाहेर आलो तर मुलगा आलाच होता. चाळिशी ओलांडलेला, हसरा, आईची पिशवी काढून घेणारा. फाटकाकडे जाताना मावशींनी माझं मनगट दाबून हळूच सांगितलं, "त्याला यातलं काही बोलू नका. शब्द द्या." मी दिला. आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. त्या मुलाच्या तोंडावर सांगायची पाळी टळली म्हणून. आजवरच्या सगळ्या लाजेत मला त्या सुटकेची लाज सगळ्यात जास्त वाटते.

"मग? घंटा दाखवली का?" मुलानं विचारलं.

"दाखवली. हातसुद्धा लावू दिला," मावशी म्हणाल्या.

"आणि आजोबांचं? काही सांगितलं का?"

"सांगितलं ना. छान सांगतात हे."

त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "आम्ही लहानपणापासून आईच्या तोंडून ऐकत आलोय हो, शेवटपर्यंत दोर सोडला नाही ते. आमच्या घरात कुणी काही अर्धवट टाकलं की आई हेच सुनावते. तुम्ही रविवारी असता ना? मुलांना घेऊन येतो. परक्या माणसाच्या तोंडून ऐकलं की त्यांना पटेल."

मी तोंड उघडलं. मावशी मधेच म्हणाल्या, "नको रे. मुलांना कशाला?"

"का? आपल्याच पणजोबांचं आहे की."

"लहान आहेत ती अजून."

"आई, धाकटा चौदाचा आहे."

"लहानच आहे," त्या म्हणाल्या, आणि गाडीचं दार चाचपून स्वतःच उघडलं. "सावकाश आणू कधीतरी."